गाडी घडविणाऱ्याने लिहिलेला गाडीचा इतिहास : जॉर्ज थ्रप यांच्या ग्रंथाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

ठाणे शहरातील टेंभी नाका, जांभळी नाका, कोर्ट नाका ही स्थलनामे नित्य वापराने इतकी परिचित झाली आहेत की त्यांतील 'नाका' या पदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. रस्त्याचे तोंड, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवण्याची किंवा जकात घेण्याची जागा असे या शब्दाचे अर्थ आहेत. माणसांची, जनावरांची व गाड्यांची वर्दळ या शब्दात गृहीतच आहे. टेंभी नाक्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या ठाणे स्थानकात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली, १४ डब्यांची व सुमारे ४०० उतारूंची आगगाडी पोहोचली. १ मे १८५४ रोजी हा लोहमार्ग कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. भारतातील प्रवासी रेल्वेच्या इतिहासात ठाण्याचे नाव पहिल्याच पानावर येते ते यामुळे.

या इतिहासाची साधने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. लोहमार्गाविषयी अभियंत्यांनी लिहिले, रस्त्यांविषयी अधिकाऱ्यांनी लिहिले, प्रवासाविषयी प्रवाशांनी लिहिले. ज्याने चाक घडविले त्याने लिहिलेले मात्र क्वचितच आढळते. इंग्लंडमधील जॉर्ज अ‍ॅथेलस्टेन थ्रप (१८२२–१९०५) हे या नियमाला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक होत. व्यवसायाने ते घोडागाड्या बांधणारे होते व १८७७ साली त्यांनी कोचगाड्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे बलस्थान व मर्यादा यांचा विचार केला असून, अशा प्रकारचे लेखन मराठीत का निर्माण झाले नाही, या प्रश्नाकडे त्या अनुषंगाने लक्ष वेधले आहे.

थ्रप आणि त्यांचा ग्रंथ

थ्रप घराण्याचा गाड्या बांधण्याचा व्यवसाय अठराव्या शतकापासून लंडनमध्ये चालत आला होता. जॉर्ज थ्रप तरुणपणीच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील वडिलांच्या कारखान्यात दाखल झाले. पुढे 'थ्रप अँड मेबर्ली' या नावाने हा कारखाना प्रसिद्धीस आला आणि विसाव्या शतकात घोडागाड्यांच्या जागी मोटारगाड्यांचे सांगाडे बांधू लागला. १८७६ साली लंडनच्या 'सोसायटी ऑफ आर्ट्स' या संस्थेपुढे थ्रप यांनी गाड्या बांधण्याच्या कलेवर व्याख्याने दिली. त्यांतूनच 'द हिस्टरी ऑफ कोचेस' हा ग्रंथ सिद्ध झाला. १८८३ मध्ये ते लंडनच्या कोचगाड्या बांधणाऱ्यांच्या जुन्या व्यवसायसंघाचे प्रमुख झाले. कारागिरांच्या तांत्रिक शिक्षणाचे वर्ग सुरू व्हावेत म्हणून त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. गाडीच्या अंतर्भागाचे अस्तर व गाद्या या कामावरही त्यांनी १८८८ मध्ये विल्यम फार यांच्या सहकार्याने एक पुस्तक लिहिले. त्यांचा इतिहासग्रंथ वाचताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालत नाही.

या ग्रंथाला पूर्वपरंपरा होती. विल्यम फेल्टन या कारागिराने १७९४ पासून दोन खंडांत गाड्यांवरील विवेचन प्रसिद्ध केले होते. गाडीच्या प्रत्येक भागाची किंमत देणारे हे लेखन मुख्यतः गिऱ्हाइकाला सावध करणारे होते. १८३७ साली विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांचा इंग्रजी गाड्यांवरील ग्रंथ आला. गाड्या बांधणाऱ्या घरातून आलेले अ‍ॅडम्स पुढे रेल्वेकडे वळले. रुळांचे सांधे जोडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या, म्हणजे 'फिशप्लेट'च्या शोधाशी त्यांचे नाव निगडित आहे. थ्रप यांच्या पाठोपाठ १८७८ मध्ये न्यूयॉर्क येथील एझ्रा स्ट्रॅटन या गाडी-कारागिराचाही मोठा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. एका शतकाच्या आत एकाच व्यवसायातील चार माणसे लेखणी हाती घेतात, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. त्यांतही थ्रप यांचे वैशिष्ट्य असे की किंमत व बांधणी यांच्या पलीकडे जाऊन त्यांनी आपल्या कलेला इतिहासाची शिस्त लावण्याचा यत्न केला.

कारागिराची दृष्टी

थ्रप यांची मांडणी प्राचीन ईजिप्त, ग्रीस व रोम येथील रथांपासून सुरू होते. 'कोच' या शब्दाचे मूळ मानल्या जाणाऱ्या हंगेरीतील कोच या गावाचा मागोवा घेत ती सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये येते व लेखकाच्या समकालीन गाड्यांपाशी थांबते. या दीर्घ प्रवासात ग्रंथाची गुणवत्ता सर्वत्र सारखी नाही. प्राचीन काळाविषयी थ्रप यांना इतरांच्या ग्रंथांवर व चित्रांवर विसंबावे लागले. त्यांच्यानंतर झालेल्या उत्खननांनी त्या भागाचे मोल आणखी कमी केले आहे. एक उदाहरण महाराष्ट्रातलेच देता येईल. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या वस्तूंचा जो संचय सापडला, त्यात बैलांची जोडी जुंपलेला व मागे उभा मनुष्य असलेला रथ आहे. अशा पुराव्यांच्या अभावी १८७७ मधील कोणताही लेखक प्राचीन वाहनांचा समतोल इतिहास लिहू शकला नसता.

मात्र लेखक आपल्या हाताने हाताळलेल्या वस्तूंपर्यंत पोहोचतो तेव्हा ग्रंथाचा पोत बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडलेला स्प्रिंगमधील बदल हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यापूर्वीच्या गाडीत पुढची व मागची आस एका लांब, जाड तुळईने जोडलेली असे. गाडीचा देह या सांगाड्यावर चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेला असे. त्यामुळे गाडी उंच, जड व हेलकावे खाणारी होई. ओबदाया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार स्प्रिंग थेट आस व देह यांच्यामध्ये बसविली आणि मधल्या तुळईची गरजच उरली नाही. गाडी हलकी झाली, खाली आली, तिला ओढण्यास कमी घोडे पुरू लागले. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणाऱ्या लहान गाड्यांचा मार्ग यातून मोकळा झाला. सामान्य इतिहासकार ज्याला 'अभिरुचीतील बदल' म्हणून मोकळा होईल, त्याच्या मुळाशी पोलादाची एक वाकविलेली पट्टी आहे, हे कारागिराला दिसते.

ही दृष्टी ऑक्सफर्ड स्ट्रीटपुरती मर्यादित नाही. ठाणे जिल्ह्यातील खेड्यात बैलगाडीचे चाक कसे घडे, हे आठवले म्हणजे तिचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना परिघाचे वक्र लाकडी तुकडे आणि या सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव, अशी चाकाची रचना असते. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवली जाते. ती तापवून लाल केली की प्रसरण पावते. तशीच ती चाकावर चढवून वर पाणी ओतले की आकुंचन पावते व लाकडाचे सारे सांधे एकमेकांत घट्ट बसतात. धाव किती लहान ठेवायची, याचा अंदाज चुकला तर एक तर ती ढिली राहते किंवा आरे पिळवटतात. सुताराचे लाकूड व लोहाराचे लोखंड यांचा मेळ त्या काही क्षणांत जमावा लागतो. लंडनच्या कारखान्यात चाक याच तत्त्वावर बनत असे. त्या अर्थी थ्रप आणि मराठी मुलखातील सुतार-लोहार हे एकाच विद्येचे अभ्यासक होते. फरक इतकाच की एकाने ती विद्या कागदावर उतरविली.

ग्रंथाच्या मर्यादा

थ्रप यांच्या ग्रंथाची पहिली मर्यादा त्यांच्या स्थानातून येते. ते कारागीर घराण्यातले असले तरी कारखान्याचे मालक होते. लंडनच्या कारखान्यात सांगाडा करणारे, चाके करणारे, लोहार, रंगारी, अस्तर व गाद्या बसविणारे, राजचिन्हे रंगविणारे असे अनेक वर्ग निरनिराळे काम करीत. तयार गाडी ही या सर्वांची संयुक्त निर्मिती असे. इतिहास लिहिताना मात्र नावे येतात ती प्रामुख्याने संशोधकांची, कारखानदारांची व गाडी बनवून घेणाऱ्या उमरावांची. १८३८ मध्ये लॉर्ड ब्रूम यांच्यासाठी बनविलेल्या बंद गाडीला त्यांचेच नाव मिळाले व तेच रूढ झाले, ही या व्यवसायाची रीतच होती. थ्रप तिच्या बाहेर पडत नाहीत. कामगारांच्या शिक्षणाविषयी त्यांना असलेली कळकळ निःसंशय खरी होती. पण शिक्षण देण्याजोगा कामगार आणि इतिहासात स्थान देण्याजोगा कामगार यांत त्यांच्या लेखी अंतर राहिले.

दुसरी मर्यादा कथनाच्या दिशेची आहे. ओबडधोबड गाडीपासून हलक्या, सुबक गाडीकडे व जगाच्या सर्व टोकांकडून लंडनकडे असा या इतिहासाचा ओघ आहे. अन्य समाजांची वाहने या मुख्य प्रवाहाच्या काठावर उभी राहतात. वास्तविक वाहनाचे रूप ठरते ते रस्त्याने. कोकणात चाक उशिरा पोहोचले, याचे कारण तेथील कारागिरांच्या अज्ञानात शोधणे चूक ठरेल. घाट व खाड्या यांनी चिरलेल्या या प्रदेशात माल बैलांच्या पाठीवरून व पडावांतून जाई, आणि ती व्यवस्था भूगोलाला साजेशी होती. १८०५ च्या सुमारास शीवचा बांध झाला व मुंबई बेट साष्टीशी जोडले गेले. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर चाकाला वाट मिळाली. रस्ता व गाडी यांचा हा परस्परसंबंध थ्रप यांच्या प्रगतीच्या सरळ रेषेत पुरेसा मावत नाही.

तिसरी मर्यादा वाचकास सर्वांत बोलकी वाटावी. थ्रप यांचा इतिहास गाडी गिऱ्हाइकाच्या दाराशी पोहोचली की संपतो. त्यापुढील तिचे आयुष्य त्यांच्या कक्षेत येत नाही. 'व्हिक्टोरिया' ही ठेंगणी, उघडी गाडी इंग्लंडमध्ये बागांतून फेरफटका मारणाऱ्या संपन्न स्त्रियांची म्हणून ओळखली जाई. मुंबईत तीच भाड्याची गाडी झाली आणि रस्त्यावरच्या सर्वसामान्य माणसाच्या तोंडी तिचे नाव बसले. मोटारींच्या काळातही ती टिकली. अखेर जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. एका लंडनी वाहनाचे दीर्घ उत्तरायुष्य अशा रीतीने मुंबईच्या तबेल्यांत गेले. ते वाहन चालू ठेवणारे दुरुस्तीवाले, नालबंद व गाडीवान हेही त्याच्या इतिहासाचे मानकरी आहेत. घडविणाऱ्याच्या इतिहासाला टिकविणाऱ्याच्या इतिहासाची जोड हवी, हा धडा थ्रप यांच्या ग्रंथातील या उणिवेतून मिळतो.

मराठीतील रथकाराचे मौन

थ्रप यांच्यासारखा ग्रंथ मराठीत आढळत नाही. त्याचे कारण सामग्रीच्या अभावात खचितच नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे ठाण्यास आगगाडी आल्यानंतर चार वर्षांनी प्रसिद्ध झाली. चाकाच्या व गाडीच्या अवयवांची नावे या कोशात नोंदलेली आहेत. ही नावे जपणारे कारागीर त्या काळी हयात होते. शब्द कोशात गेले, पण ते उच्चारणाऱ्याने त्यांच्या आधारे स्वतःचा ग्रंथ रचला नाही.

या मौनाची मुळे जुनी आहेत. वैदिक वाङ्मयात रथकाराला प्रतिष्ठा दिसते. तथापि पूर्वमीमांसेत रथकाराच्या अग्न्याधानाच्या अधिकाराची जी चर्चा येते, तिचा मुख्य प्रश्न रथकार त्रैवर्णिकांपैकी की स्वतंत्र जातीचा, हा आहे. रथकाराविषयी शास्त्रार्थ झाला, पण रथकाराने स्वतःविषयी केलेले निवेदन त्यात नाही. पुढे ग्रामव्यवस्थेत सुतार बलुतेदार झाला. त्याचे कौशल्य बापाकडून मुलाकडे हातावाटे गेले, आणि लेखनवाचनाचा अधिकार मात्र गावातील दुसऱ्या घरांत राहिला. हात आणि अक्षर यांच्यातील ही फारकत लंडनमध्ये नव्हतीच असे म्हणता येणार नाही. परंतु तेथील व्यवसायसंघ, नियतकालिके व व्याख्यानसंस्था यांनी ती काही अंशी सांधली. 'सोसायटी ऑफ आर्ट्स'च्या व्यासपीठावर एक गाडी बांधणारा उभा राहू शकला, यात त्याच्या प्रतिभेइतकाच त्या व्यासपीठाचाही वाटा आहे.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रस्ते, घाट, व्यापार व कारागीर जाती यांची तपशीलवार माहिती आहे. थ्रप यांच्या ग्रंथानंतर अवघ्या पाच वर्षांनी आलेले हे लेखन प्रशासकाच्या गरजेतून सिद्ध झाले. त्यात सुतार हा माहितीचा विषय आहे, माहितीचा कर्ता नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा मराठीतील ग्रामव्यवस्थेचा श्रेष्ठ अभ्यास होय. त्याच्या शीर्षकातच गाडा आहे आणि संपूर्ण गावाला गाड्याची उपमा दिली आहे. मात्र तो गाडा प्रत्यक्षात घडविणारा सुतार तेथेही इतर बलुतेदारांच्या रांगेत, बाहेरून पाहिलेला असाच येतो. लेखकाला दोष देण्याचे येथे कारण नाही. गाव समजून घेण्यासाठी त्याने निवडलेली जागाच निराळी होती.

थ्रप यांच्या जवळ जाणारा मराठी लेखक शोधायचा तर कृष्णाजी विनायक वझे (१८६९–१९२९) यांचे नाव घ्यावे लागेल. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या वझे यांनी प्राचीन हिंदी शिल्पशास्त्राच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. धातुखंड, साधनखंड व वास्तुखंड या शिल्पशास्त्राच्या विभागणीत साधनखंडात नौका व विमान यांच्याबरोबर रथशास्त्राला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. वाहनविद्या ही मांडणीस पात्र अशी विद्या आहे, हे मराठी वाचकापुढे ठसविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु थ्रप आणि वझे यांची तुलना केली असता एक मूलभूत भेद दिसतो. थ्रप कारखान्याकडून ग्रंथालयाकडे गेले, तर वझे संस्कृत ग्रंथांकडून कारखान्याचा शोध घेऊ लागले. परिणामी थ्रप प्राचीन काळाविषयी दुबळे व स्वतःच्या काळाविषयी भक्कम आहेत. वझे यांच्या मांडणीत शास्त्राची चौकट प्रशस्त आहे, पण त्यांच्याच काळात जिवंत असलेल्या सुताराचा अनुभव तिच्यात पुरेसा उतरत नाही.

कारागीर व अक्षर यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न या भागात झालेच नाहीत असे नव्हे. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये स्थापन झाली. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन सुरू केले. तेथे देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्यावर भर होता. थ्रप यांच्या तांत्रिक वर्गांमागील हेतूशी या उपक्रमाचे नाते स्पष्ट आहे. तथापि या संस्थांतून नव्या यंत्रविद्येचे जाणकार निघाले. जुन्या गाडीविद्येचा इतिहासकार त्यांतून निघाला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला, थ्रप यांचा ग्रंथ आज प्राचीन वाहनांविषयीच्या माहितीसाठी वाचण्याचे कारण उरलेले नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील गाडीबांधणीचा जाणत्या हाताने दिलेला साक्षीपुरावा म्हणून मात्र त्याचे मोल कायम आहे. पुढे राल्फ स्ट्रॉस यांच्यासारख्या व्यवसायाबाहेरील लेखकाने १९१२ मध्ये गाड्यांचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यालाही या कारागीर-लेखकांच्या खांद्यावर उभे राहावे लागले.

दुसरा, घडविणाऱ्याची साक्ष ही आपोआप निर्दोष ठरत नाही. मालकाचा अभिमान, प्रगतीवरील विश्वास आणि आपल्या शहराला केंद्र मानण्याची वृत्ती थ्रप यांच्या लेखनात आहे. अशा साक्षीची उलटतपासणी इतिहासकाराने करावयाची असते. पण त्यासाठी आधी साक्ष नोंदलेली असावी लागते.

तिसरा निष्कर्ष मराठी अभ्यासकांना उद्देशून आहे. मराठीत ही साक्ष बव्हंशी नोंदली गेली नाही. तिचे तुकडे कोशात, गॅझेटियरमध्ये, 'गावगाड्या'त व वझे यांच्या शास्त्रविचारात विखुरलेले आहेत. रबरी टायरची बैलगाडी आली तेव्हा धाव बसविण्याचे काम कमी झाले. ट्रॅक्टर आला तेव्हा गाडीच मागे पडली. टेंभी नाक्यावरून आज बस, रिक्षा व मोटारी जातात. तेथून जाणाऱ्या विद्यार्थ्यास 'तुंबा' किंवा 'धाव' या शब्दांचा गाडीशी असलेला संबंध सांगावा लागतो. या शब्दांमागील हातांची स्मृती असलेली माणसे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अद्याप भेटू शकतात, पण त्यांची पिढी शेवटची आहे.

थ्रप यांना व्यासपीठ मिळाले म्हणून त्यांचा ग्रंथ झाला. सुताराने ग्रंथ लिहावा अशी अपेक्षा बाळगण्यापेक्षा त्याचे कथन त्याच्याच परिभाषेत उतरवून घेणे, त्यावर त्याचे नाव घालणे आणि मग त्याची चिकित्सा करणे, हे काम मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे. १८५३ ची पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली त्याची वेळ, डब्यांची संख्या व उतारूंचा आकडा इतिहासाला ठाऊक आहे. त्या दिवशी स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची चाके कोणी घडविली होती, हे मात्र कोणत्याच कागदावर लिहिलेले नाही.